दामोदर धर्मानंद कोसंबी : जनुकांच्या अंतराचे गणित मांडणारा गोमंतकपुत्र

आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारांवरील लेख आहेतच. त्यांच्या जोडीला, केवळ बुद्धीच्या आणि कष्टांच्या बळावर विज्ञानात मोलाची भर घालणाऱ्या एखाद्या व्यक्तीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा लागतो. माती तीच, माड तेच, समुद्रही तोच. त्या गोव्यात जन्मलेल्या आणि बुद्धाच्या शोधासाठी घरदार सोडणाऱ्या पित्याच्या छायेत वाढलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे हे चरित्र आहे.

प्राचीन भारताच्या इतिहासाचे नव्या दृष्टीने लेखन करणारे विद्वान म्हणून कोसंबींचे नाव अनेकांच्या परिचयाचे आहे. परंतु ते मुळात गणिती होते, आणि १९४४ साली त्यांनी लिहिलेला अवघा चार पानांचा एक निबंध आज जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरला जातो, ही गोष्ट त्यांच्याच प्रांतात फारशी ठाऊक नाही. आनुवंशिक आजार कोणत्या जनुकातील बिघाडामुळे होतो आणि त्या बिघाडाने शरीरातील कोणते प्रथिन कसे बदलते, हे शोधण्याच्या मार्गावरची एक महत्त्वाची पायरी त्या चार पानांत आहे. म्हणून त्यांच्या आयुष्याबरोबर त्या निबंधाचा अर्थही आपल्या माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि समाजबांधवांनी समजून घ्यावा, असा आमचा हेतू आहे.

पिता आणि पुत्र

दामोदर यांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण नावापुरते, शरीर अशक्त, आणि काम घरच्या नारळीच्या बागेवर देखरेख करण्याचे. अशा स्थितीत बुद्धचरित्राच्या वाचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास करून ते पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित झाले. सिलोनमध्ये त्यांनी भिक्षुदीक्षाही घेतली होती. पुढे ते गृहस्थाश्रमात परतले, तरी धम्माचे ज्ञान सामान्य मराठी माणसापर्यंत पोहोचविण्याचे व्रत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ आपल्या अनेक घरांत आजही वाचला जातो. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत १९३७ साली त्यांनी बहुजन विहार उभारला. समाजाने दूर लोटलेल्या माणसांना बुद्धाची शिकवण आपल्या दाराशी मिळावी, ही त्यामागील तळमळ होती. १९४७ साली सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

धर्मानंद परतल्यानंतर, ३१ जुलै १९०७ रोजी, दामोदर यांचा जन्म झाला. आई बाळाबाई यांनी पतीच्या दीर्घ अनुपस्थितीचे दिवस सोसले होते. पुढे धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि कुटुंब पुण्यास आले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम चालू होते, त्यासाठी धर्मानंदांना तिकडे पुन्हा बोलावणे आले. १९१८ साली ते थोरली कन्या माणिक आणि अकरा वर्षांचे दामोदर यांना सोबत घेऊन केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे गेले.

कोकणकिनाऱ्यावरच्या घरातला मुलगा अमेरिकेच्या शाळेत रुळला, वाढला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन बाहेर पडला. गणित हा त्यांचा मुख्य विषय, पण ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच अशा भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. नॉर्बर्ट वीनर यांच्यासारख्या गणितज्ञाशी त्यांचा स्नेह जुळला. परदेशातच राहावे असे अनेकांना वाटले असते. कोसंबी मात्र त्याच वर्षी मायदेशी परतले.

पुण्यातील वर्षे

प्रथम बनारस हिंदू विश्वविद्यालय, मग फ्रेंच गणितज्ञ आंद्रे व्हेय यांच्या आग्रहावरून अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, आणि त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा त्यांच्या अध्यापनाचा क्रम राहिला. १९३१ साली नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फर्ग्युसनमध्ये त्यांनी बारा-तेरा वर्षे गणित शिकविले. ज्या महाविद्यालयात वडिलांनी पाली शिकविली, तेथेच मुलाने भूमिती शिकविली. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

ही पुण्यातील वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी म्हणावी लागतील. हाती मोठी प्रयोगशाळा नव्हती, यंत्रे नव्हती. होते ते कागद, पेन्सिल, एक अचूक तराजू आणि अमर्याद चिकाटी. संख्याशास्त्राचा अभ्यास करायचा तर तो खऱ्या वस्तूंवर करावा, असे ठरवून त्यांनी जुन्या आहत नाण्यांची वजने घ्यायला सुरुवात केली. नाणे जितके हातोहात फिरते तितके ते झिजते. म्हणजे वजनातील घट हे नाण्याच्या वयाचे माप ठरते. हे तत्त्व पारखण्यासाठी त्यांनी प्रथम बाजारात चालणारी नवी नाणी तोलली आणि मग तक्षशिलेच्या प्राचीन नाण्यांकडे वळले. अशा हजारो नाण्यांची वजने त्यांनी स्वतः नोंदली. इतिहास त्यांच्या हाती आला तो या तराजूच्या वाटेने.

दुसरा उद्योग भर्तृहरीच्या शतकांचा. या सुभाषितांच्या शेकडो हस्तलिखित प्रती देशभर विखुरलेल्या होत्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नव्हता. कोसंबींनी त्या ताडून पाहिल्या आणि १९४८ साली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या कामाची रीत येथे थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण जनुकांचा विषय तिच्यामुळे सोपा होतो.

एका पोथीवरून लेखनिक दुसरी पोथी उतरवून काढतो. उतरवताना एखादे अक्षर चुकते. त्या चुकलेल्या पोथीवरून तिसरी पोथी तयार झाली, तर तीच चूक तिच्यात जशीच्या तशी उतरते. काही चुकांनी अर्थ बिघडत नाही. काही चुकांनी श्लोकाचा अर्थ पार उलटा होतो. आणि क्वचित एखाद्या चुकीने निराळाच, पण चालून जाणारा अर्थ निघतो. कोणत्या पोथ्यांत कोणती चूक समान आहे हे पाहून संपादक पोथ्यांचे घराणे ठरवितो. सजीवांच्या पेशीतही असेच लेखन अखंड चालू असते. आईवडिलांकडून अपत्याकडे जाणारा आनुवंशिक मजकूर प्रत्येक वेळी नव्याने उतरविला जातो, आणि त्यात क्वचित एखादे अक्षर बदलते. त्या बदलास उत्परिवर्तन म्हणतात.

चार पानांचा निबंध

आता १९४४ च्या निबंधाकडे वळू. प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात आणि त्यांवर जनुके एका ओळीत मांडलेली असतात. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक वडिलांकडून आलेले असते. बीजपेशी तयार होताना जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकमेकांस लागून राहतात आणि आपले काही तुकडे अदलाबदल करतात.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलेल्या वाचकांना हे चटकन कळेल. दोन दोर शेजारी ठेवले आहेत, प्रत्येकावर ठरावीक जागी गाठी आहेत, असे समजा. एकाच जागी दोन्ही दोर कापून त्यांची टोके एकमेकांस जोडली, तर काही गाठी या दोरावरून त्या दोरावर जातील. ज्या दोन गाठी एकमेकींपासून लांब आहेत त्यांच्या मध्येच काप बसण्याचा संभव अधिक. ज्या अगदी जवळ आहेत त्यांची ताटातूट क्वचितच होईल. म्हणजे किती अपत्यांत दोन गुणांची ताटातूट झाली हे मोजले, तर जनुके न पाहताही त्यांतील अंतर सांगता येते. अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या तरुण विद्यार्थ्याने १९१३ साली फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा याच रीतीने काढला. या अंतराच्या मापास मॉर्गन यांच्या नावावरून सेंटिमॉर्गन म्हणतात.

पण यात एक अडचण आहे. दोन गाठींच्या मध्ये एकाऐवजी दोन काप बसले, तर दोन्ही गाठी पुन्हा एकाच दोरावर येतात, आणि पाहणाऱ्यास वाटते की दोर कापलाच नाही. त्यामुळे लांबचे अंतर प्रत्यक्षाहून कमी भासते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली यावर एक सूत्र दिले. त्यात एका कापाचा दुसऱ्या कापावर काहीच परिणाम होत नाही, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात मात्र एका जागी काप बसला की त्याच्या अगदी जवळ दुसरा बसण्यास अटकाव होतो, असे प्रयोगांत दिसत होते.

कोसंबींनी हा अटकाव सूत्रात आणला. अंतर फार कमी असेल तेव्हा अटकाव जवळजवळ पूर्ण. अंतर वाढत जाईल तसा तो ढिला पडतो. आणि दोन जनुके इतकी दूर असतील की त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही, तेव्हा तो नाहीसा होतो. एवढ्या साध्या कल्पनेतून त्यांनी सुटसुटीत सूत्र काढले. उदाहरणार्थ, शंभरांपैकी २० अपत्यांत दोन गुणांची ताटातूट दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. ताटातूट ३० अपत्यांत दिसली, तर ही अंतरे अनुक्रमे सुमारे ४५.८ आणि ३४.७ होतात. जनुके अगदी जवळ असली की दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात. फरक पडतो तो दूरच्या मापात. अनेक सजीवांत कोसंबींचे उत्तर निरीक्षणांशी अधिक जुळते. म्हणूनच भातासारख्या पिकांच्या जनुकीय नकाशांत अंतरे कोसंबी सूत्राने काढल्याचा उल्लेख वारंवार आढळतो. हे काम करणाऱ्या संगणक प्रणालींतही हाल्डेन की कोसंबी, अशी निवड संशोधकासमोर ठेवलेली असते.

ज्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला त्याचे नाव होते 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स'. युजेनिक्स म्हणजे तथाकथित उत्तम वंशाची माणसे वाढवावीत आणि हीन ठरविलेल्यांची संख्या घटवावी, असे मानणारा विचार. विज्ञानाचा झगा पांघरलेली ती एक प्रकारची वर्णव्यवस्थाच होती. १९५४ साली त्या नियतकालिकाने आपले नाव बदलले आणि मानवी जनुकशास्त्राचे नाव धारण केले. कोसंबींच्या सूत्रात उच्च आणि नीच यांना जागा नाही. त्यात फक्त अंतर आहे, आणि ते राजाच्या आणि रंकाच्या गुणसूत्रावर सारखेच मोजले जाते.

नकाशापासून प्रथिनापर्यंत

जनुकाचा पत्ता लागला, पण जनुक करते काय? कोसंबी निबंध लिहीत होते त्याच सुमारास याचे उत्तर तुकड्या-तुकड्यांनी हाती येत होते. १९४१ साली बीडल आणि टेटम यांनी बुरशीवरील प्रयोगांतून जनुक आणि विकर यांचा संबंध दाखविला. १९४४ सालीच एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक द्रव्य म्हणजे डीएनए असल्याचे दाखविले. १९५३ साली डीएनएची रचना उलगडली, आणि डीएनएच्या तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द कोणते अमिनो आम्ल सुचवितो, हा कोश १९६६ पर्यंत पुरा झाला. योगायोग असा की कोसंबींच्या निधनाचे वर्षही तेच.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. मण्यांचा क्रम जनुक ठरविते. माळ तयार झाली की ती ठरावीक घडीत दुमडते, आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. एखादा मणी बदलला आणि घडी बिघडली नाही, तर काहीच होत नाही. मणी मोक्याच्या जागेचा असेल तर सारे काम बिघडते. कधी एखादा मणी गळतो, कधी माळ मध्येच तुटते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सिकलसेल हा आजार आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले आणि पुढे काही वर्षांत व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका बदललेला मणी शोधला. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि आपल्या अनेक बौद्ध कुटुंबांनाही त्याची झळ पोहोचते. एकच बदललेले जनुक असणाऱ्या व्यक्तीस सहसा त्रास होत नाही, उलट हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणूनच हा बदल हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिला. त्यात कोणत्याही जातीचा कमीपणा नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्याच किनारपट्टीचे आहे. १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही व्यक्तींचे रक्त निराळे आढळले. साध्या चाचणीत ते ओ गटाचे वाटे, परंतु ओ गटाचे रक्तही त्यास चालत नसे. हाच पुढे बॉम्बे रक्तगट म्हणून जगाला माहीत झाला. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एच नावाचा पदार्थ असतो. त्याच्यावरच ए किंवा बी यांची उभारणी होते. एच तयार करणारे विकर हे एक प्रथिन आहे, ३६५ मण्यांचे. भारतात आढळणाऱ्या बॉम्बे रक्तगटाच्या नेहमीच्या प्रकारात त्यातील २४२व्या जागचा ल्युसीन हा मणी जाऊन तेथे आर्जिनिन येतो. एका अक्षराच्या चुकीने विकर निकामी होते, एच बनत नाही, आणि पाया नसल्यामुळे ए-बी चेही घर उभे राहत नाही. हे जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे. जगात अत्यंत दुर्मीळ असलेला हा गट मुंबईत आणि कोकणपट्टीत तुलनेने अधिक आढळतो. अशा व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असतात. पण रक्त चढविण्याची वेळ आली तर त्यांना त्याच गटाचे रक्त लागते. म्हणून रक्तगट नीट तपासून घेणे आणि असा गट असल्यास रक्तपेढीत नाव नोंदविणे हे आपल्याकडे जीव वाचविण्याचे काम आहे.

जनुकीय नकाशांचा उपयोग कोठे होतो, ते तिसऱ्या उदाहरणात दिसते. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या व पचनसंस्थेच्या आजारात कोणते प्रथिन बिघडले आहे, हे आधी कोणासही माहीत नव्हते. संशोधकांनी आजारी मुलांच्या कुटुंबांत गुणांची ताटातूट मोजून प्रथम जनुकाचा पत्ता सातव्या गुणसूत्रावर लावला आणि १९८९ साली जनुक हाती आले. १४८० मण्यांच्या त्या प्रथिनातील ५०८व्या जागचा एकच मणी बहुसंख्य रुग्णांत गळालेला होता. आधी अंतर, मग जनुक, मग प्रथिन, आणि शेवटी औषध असा हा प्रवास. अंतर मोजण्याच्या ज्या विद्येवर तो उभा राहिला, तिला कोसंबींनी हातभार लावला आहे.

आमच्या पालकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. आजारी मूल जन्मास आले की आईस दोष देणे, देवाचा कोप मानणे किंवा मागल्या जन्मीचे पाप काढणे ही रीत अजून गेलेली नाही. वरील तिन्ही उदाहरणांत दोन्ही पालकांकडून बदललेले जनुक आले तरच परिणाम दिसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास तो संभव चारांत एक असतो. आई जितकी कारण तितकेच वडील, आणि दोघेही निर्दोष. लहानशा नात्यागोत्याच्या वर्तुळातच पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत राहिल्या, तर दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. जातीच्या भिंतींआड लग्ने लावण्याची किंमत अशी शरीरासही मोजावी लागते. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही बुद्धाची शिकवण. आणि कारण शोधून दुःख कमी करावे, हा विज्ञानाचा मार्ग. दोन्ही एकाच दिशेने जातात, असे आम्ही मानतो.

मुंबई, इतिहास आणि अखेर

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी नव्याने स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलाविले. पुण्यातले घर न सोडता डेक्कन क्वीनने मुंबईस जाणे-येणे हा त्यांचा क्रम झाला; गाडीतला वेळ वाचनात आणि लेखनात जाई. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत गणनयंत्रांचा अभ्यास केला.

याच काळात त्यांच्यातील इतिहासकार बहरास आला. सुटीच्या दिवशी पायी हिंडून ते पुण्याभोवतालच्या टेकड्या, देवळे, वाड्या पाहत. धनगरांशी, शेतकऱ्यांशी बोलत. दगडी हत्यारांचे बारीक तुकडे गोळा करीत. कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर येथील बौद्ध लेणी घाटमाथ्यावरून बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवर का आहेत, याचे उत्तर त्यांनी पोथीत न शोधता त्या वाटांवर चालून शोधले. राजांच्या वंशावळीपेक्षा नांगर, जमीन, गाई आणि श्रम करणारी माणसे यांना त्यांनी इतिहासाच्या मध्यभागी आणले. खर्चिक यज्ञांत गुरांचा संहार करणाऱ्या व्यवस्थेपुढे बुद्धाची शिकवण शेती-व्यापार करणाऱ्या नव्या समाजाची गरज म्हणून कशी उभी राहिली, हे त्यांचे विवेचन प्रत्येक बौद्ध वाचकाने वाचावे असे आहे. 'मिथ अँड रिॲलिटी' या १९६२ च्या ग्रंथात गोव्यातील जुन्या ग्रामसंस्थेवरही त्यांचा निबंध आहे. १९५६ सालचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ आणि १९६५ सालचा प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील ग्रंथ विद्यापीठांत आजही अभ्यासले जातात.

कोसंबी स्वतः मार्क्सवादी होते. वडिलांची श्रद्धा त्यांच्याकडे श्रद्धा म्हणून आली नाही. आली ती सत्यासाठी कष्ट उपसण्याची सवय आणि उपेक्षितांविषयीची आस्था. ते जागतिक शांतता चळवळीत वावरले. अणुऊर्जेपेक्षा भारतासारख्या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेकडे वळावे, असे त्यांनी त्या काळात मांडले. हे मत अणुऊर्जेच्या कार्यात गुंतलेल्या वरिष्ठांच्या मताविरुद्ध जाणारे होते. त्यांचा स्वभाव तिखट होता, आणि मतभेद लपविणे त्यांना जमत नसे. त्यांच्या हातून चूकही झाली. गणितातील रीमान गृहीतक या अवघड प्रश्नाची उकल आपणास सापडली, असे त्यांनी प्रसिद्ध केले. ती उकल इतर गणितज्ञांच्या कसोटीस उतरली नाही, आणि त्यांच्या नावास धक्का लागला. १९६२ साली टाटा संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना ही बाजू झाकावी, असे आम्हांस वाटत नाही. माणूस एका प्रश्नात चुकतो म्हणून त्याने सोडविलेले दुसरे प्रश्न चूक ठरत नाहीत, हेही विद्यार्थ्यांना कळले पाहिजे.

१९६४ पासून ते पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी येथे सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. सांधेदुखीने ते त्रस्त होते, तरी लेखन आणि भटकंती थांबली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, त्यांचे निधन झाले. वयाची ५९ वर्षे पुरी होण्यास महिना उरला होता. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी याही पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झाल्या, आणि आजोबा धर्मानंद यांचे लेखन इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्याचे मोठे काम त्यांनी केले. जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने २००८ साली दामोदर कोसंबींच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, आणि त्यांच्या जन्मभूमीत, पणजीस, त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरू लागला.

आमच्या विद्यालयातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज रुग्णालयांत, प्रयोगशाळांत, शेतीत आणि शिक्षणात काम करीत आहेत. अनेक घरांत शिकणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यांच्यापुढे कोसंबींचे चरित्र ठेवताना, सर्वांनी त्यांच्याएवढे बुद्धिमान व्हावे, अशी आमची अपेक्षा नाही. पण तराजू घेऊन एकेक नाणे तोलणे, एकेक पोथी ताडून पाहणे, ऐकीव गोष्ट मोजून घेतल्याशिवाय न मानणे, आणि रक्तातील एका अक्षराच्या चुकीवरून कोणासही हीन न लेखणे, एवढे तर प्रत्येकास साधण्यासारखे आहे. विद्यालयाच्या ग्रंथालयात धर्मानंद आणि दामोदर या पितापुत्रांचे ग्रंथ शेजारी-शेजारी ठेवावेत, आणि विज्ञानाच्या वर्गात जनुकांचा धडा आला की शिक्षकांनी कोसंबींचे नाव अवश्य घ्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या स्मृतीस या स्मरणिकेच्या वतीने आमचे विनम्र अभिवादन.